लेक वेल्श शाळेत, आई मनेड्याडच्या वर्गात

वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला, नोकरीसाठी आलेल्या मराठी घरांत मूल तीन वर्षांचं झालं की एक वाद हमखास निघतो: शाळा इंग्रजी की वेल्श? दोन्ही सरकारी, दोन्हींत फी नाही, कौन्सिलच्या अर्जात दोन्ही पर्याय शेजारी शेजारी. आम्ही वेल्श घेतली. का घेतली, ते इथे उगाळत नाही. हे परीक्षण त्यानंतर मी स्वतःसाठी लावलेल्या वर्गाचं आहे. राष्ट्रीय वेल्श शिक्षण केंद्राच्या अभ्यासक्रमातली पहिली पायरी, तिचं नाव 'मनेड्याड'. मोठ्या माणसांसाठी, अगदी शून्यापासून.

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे वाचावं लागणार नाही. वर्ग चांगला आहे, लावाच. पण पोराचा अभ्यास घेता यावा एवढ्यासाठीच लावत असाल तर थोडं थांबा. त्या कामाला दुसरी एक गोष्ट आहे, शिवाय फुकट. ती खाली येईल.

इकडची पद्धत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं. वेल्श माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मूल रिसेप्शनपासून, म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलांच्या पहिल्या वर्गापासून, वेल्शमध्ये बुडवूनच काढतात. गणित, गोष्टी, जेवणाची रांग, मैदानावरचं ओरडणं, सगळं वेल्शमध्ये. इंग्रजी हा विषय म्हणून इयर थ्रीला सुरू होतो, म्हणजे मूल सात वर्षांचं झाल्यावर. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा सासूबाई क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, साहेबाच्या देशात जाऊन पोरीला इंग्लिश मीडियम मिळालं नाही होय?" तिकडे कोल्हापुरात माझ्या नणंदेची दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, त्यामुळे सासूबाईंच्या दृष्टीने आम्ही विमानाचं भाडं भरून मागे गेलो.

खरं तर इंग्रजीची काळजी करायचं कारण नाही. इथे इंग्रजी हवेतच आहे. बागेत, दुकानात, टीव्हीवर, शेजारच्या घरात. माझी लेक इंग्रजी कुठे आणि कधी शिकली, हे मला सांगता येणार नाही. काळजी वेल्शची करावी लागते, कारण शाळेचं फाटक ओलांडलं की या शहरात ती सहज कानावर पडत नाही. 2011च्या जनगणनेत वेल्समधले 19 टक्के लोक वेल्श बोलू शकत होते, 2021मध्ये ते 17.8 टक्क्यांवर आले. सरकारने 2050पर्यंत दहा लाख वेल्श भाषक करायचं ठरवलंय. आजचा आकडा साडेपाच लाखांच्याही थोडा आत आहे. ही भर पडणार कुठून, तर आमच्यासारख्या घरांतूनच. कार्डिफच्या वेल्श शाळांत बहुसंख्य मुलं अशाच घरांतून येतात जिथे वेल्श बोलली जात नाही. म्हणजे शाळेच्या फाटकापाशी उभा असलेला गोरा बापही भाषेच्या बाबतीत तुमच्याइतकाच कोरा असतो. पहिल्या वर्षी याचा मला मोठा आधार वाटला.

आता वर्ग. आठवड्यातून एकदा संध्याकाळी, झूमवर. प्रत्यक्ष वर्गही असतात, पण माझी हॉस्पिटलच्या फार्मसीतली नोकरी आणि लेकीच्या झोपायच्या वेळा सांभाळून मला झूमच जमलं. पहिल्याच तासाला शिक्षिका जेमतेम पाच मिनिटं इंग्रजी बोलल्या असतील, मग सरळ बोलायला लावलं. दु इन हॉफी कॉफी, मला कॉफी आवडते. दु इम इन हॉफी कॉफी, नाही आवडत. वहीत उतरवून घ्यायला लागलं की शिक्षिका लगेच हटकायच्या: आधी तोंडाने म्हणा. शाळेत व्याकरणाची कोष्टकं पाठ करून भाषा शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे सुरुवातीला बेशिस्तीचं वाटतं. पण उपयोग होतो. दिवाळीच्या सुमारास मी लेकीच्या वर्गशिक्षिकेला दारात दोन वाक्यं बोलले, आणि त्यांनी उत्तर इंग्रजीत न देता वेल्शमध्येच दिलं. मला निम्मंच कळलं, पण ते वेगळं.

वर्गातली माणसं हा या अभ्यासक्रमाचा अर्धा भाग समजा. निम्मे आमच्यासारखे शाळेतल्या मुलांचे आईबाप. उरलेल्यांत एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांची आजी वेल्श बोलायची, आईला समजायची आणि यांच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. एकोणिसाव्या शतकात इथल्या काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, 'वेल्श नॉट' म्हणायचे त्याला. गृहस्थांनी ते ऐकीव म्हणून सांगितलं. शाळेत मराठी बोललं म्हणून दंड भरलेली मंडळी आपल्याकडे आजही भेटतात, ते मी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

या वर्गात मराठी माणसाला जे सहज मिळतं, त्याबद्दल कोणीच लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. इंग्रजी बोलणारे इथे ढेपाळतात. काइर्डीद म्हणजे कार्डिफ. 'कार्डिफहून' म्हणायचं तर 'ओ गाइर्डीद'. 'कार्डिफमध्ये' म्हणायचं तर 'अङ् ङ्हाइर्डीद'. 'आणि कार्डिफ' असेल तर 'आ खाइर्डीद'. एकाच गावाची चार रूपं. शिक्षिकांनी पडद्यावर तक्ता लावला तेव्हा वर्गात सामुदायिक उसासा ऐकू आला. मी मात्र तो तक्ता बघत बसले, कारण तो मला ओळखीचा होता. पहिल्या प्रकारात क चा ग, त चा द, प चा ब. ही आपली तृतीय व्यंजन संधी, वाक् अधिक ईश, वागीश. दुसऱ्या प्रकारात क-वर्गाचा ङ, त-वर्गाचा न, प-वर्गाचा म, प्रत्येक वर्ग आपापल्या अनुनासिकाकडे जातो. वाक् अधिक मय, वाङ्मय. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. आठवीत छड्या खाऊन पाठ केलेलं आयुष्यात कुठे कामाला येईल असं वाटलं नव्हतं. कारणं वेगळी आहेत, हे खरं. आपल्याकडे पुढच्या आवाजामुळे बदल होतो, इथे मागच्या शब्दामुळे किंवा वाक्यातल्या जागेमुळे होतो. पण कोणतं अक्षर कुठे जाणार, ते वर्णमाला वर्गावर्गाने शिकलेल्या माणसाला आपोआप दिसतं. 'ङ'ने शब्द सुरू करायला इंग्रजांची जीभ वळत नाही. 'म्ह' आणि 'न्ह' आपण दिवसभर म्हणतो.

गावांची नावं बदलायच्या सरावात मी कोल्हापूर दिलं. परक्या देशातल्या गावांना हा नियम लावायची गरज नाही, असं शिक्षिकांनी सांगितलं, पण तोवर वर्गाने कोल्हापूर ताब्यात घेतलं होतं. दु इन डॉड ओ गोल्हापूर. पुढचं 'ङ्होल्हापूर' ऐकून नवरा स्वयंपाकघरातून बाहेर आला.

आणखी दोन गोष्टी आपल्या पथ्यावर पडतात. इंग्रजीसारखं 'मी गाडी बाळगतो' अशा धाटणीचं क्रियापद वेल्शमध्ये नाही. 'गाडी आहे माझ्याजवळ' अशीच रचना: मे कार गडा वी. आणि हो-नाहीला एकच ठरलेला शब्द नाही, प्रश्नातलं क्रियापद उत्तरात परत द्यायचं. गाडी आहे का? आहे. चहा घेणार का? घेणार. वर्गातले बाकीचे यावर महिनाभर अडखळत होते. शिवाय तू आणि तुम्ही वेगळे आहेत, ते कुठे वापरायचं हे आपल्याला सांगावं लागत नाही. लिहिलंय तसंच वाचायचं, हाही मोठा दिलासा. अक्षरांचे आवाज एकदा बसले की अर्थ कळो न कळो, लेकीचं पुस्तक तिला वाचून दाखवता येतं.

जड जातो तो 'ल्ल'. हा आपला ल नाही आणि ळ तर नाहीच. जीभ ल च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडायची. आमच्या लेकीला तो पहिल्याच सत्रात आला. माझा अजून शिट्टीसारखा निघतो आणि ती मला दुरुस्त करते. करू दे.

पुस्तक विकत घेताना एक लक्षात ठेवा. या अभ्यासक्रमाच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या आहेत, उत्तरेची आणि दक्षिणेची. फरक नुसत्या उच्चारांचा नाही. 'आत्ता'ला दक्षिणेत 'नाउर' आणि उत्तरेत 'रूअन', गंमत म्हणजे लिहिताना एक दुसऱ्याच्या उलट. दुधाला दोन वेगळे शब्द. 'माझ्याकडे गाडी आहे'ची वर दिलेली रचनाही उत्तरेत बदलते. कार्डिफ, स्वान्सी, न्यूपोर्टवाल्यांनी दक्षिणेची आवृत्ती घ्यायची. बँगर, रेक्सहॅमकडच्यांनी उत्तरेची. झूम वर्गाला नाव घालतानाही हेच तपासा, कारण ऑनलाइन वर्गात देशाच्या कुठल्याही टोकाचा शिक्षक मिळू शकतो.

आता न पटलेलं.

मनेड्याड मोठ्या माणसांसाठी आहे, आणि विषयही मोठ्या माणसांचेच: तुम्ही काय काम करता, सुट्टीत कुठे गेला होतात, गेल्या आठवड्यात काय केलंत, हवा कशी आहे. यात गैर काही नाही. पण माझी लेक घरी येऊन वजाबाकीबद्दल बोलते, सुरवंटाबद्दल बोलते, कोणी कोणाची रांग मोडली त्याबद्दल बोलते. माझं वेल्श आणि तिचं वेल्श बराच काळ एकमेकांना भेटतच नाहीत. मी सुट्टीत कुठे गेले होते ते तिला अस्खलित सांगू शकते, आणि ती माझ्यासोबतच होती.

इथे ती फुकट गोष्ट येते. 'क्लुब कुच' नावाचा आठ आठवड्यांचा वर्ग आहे, मिड्याड मेथ्रिन आणि राष्ट्रीय केंद्र मिळून चालवतात. मिड्याड मेथ्रिन ही 1971 सालची संस्था, वेल्श बालवाड्या चालवणारी. क्लुब कुचमध्ये लहान मुलांशी घरात बोलायचं वेल्श शिकवतात, बाकी काही नाही. हात धू, बूट घाल, चल पटकन, शाबास, भूक लागली का, झोपायची वेळ झाली. व्याकरण जवळजवळ नाहीच. मूल बालवाडीत किंवा रिसेप्शनमध्ये असेल तर आधी हे करा, मनेड्याड नंतर. उलट क्रमानेही चालतं, पण मधलं वर्ष कोरडं जातं.

दुसरी तक्रार आमच्या भागात वर्ग चालवणाऱ्यांबद्दल. नाव लिहीत नाही. वर्षाच्या मध्यावर विद्यार्थी कमी झाले म्हणून त्यांनी दोन वर्ग एकत्र केले, वार बदलला आणि कळवलं अगदी शेवटच्या क्षणी. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या दोघीजणी त्यातच गळाल्या. नवीन वर्ग आमच्यापेक्षा तीन धडे पुढे होता. शिकवणं उत्तम आणि कारभार ढिसाळ, हे दुःख काही वेल्सपुरतं नाही.

तिसरं थोडं नाजूक आहे. वर्गात सगळं गृहीत धरलेलं असतं ते दोन भाषांच्या घरावर: घरात इंग्रजी, शाळेत वेल्श. तिसरी भाषा असलेलं घर कोणाच्या डोक्यात चटकन येत नाही. 'घरी काय बोलता' या सरावात माझी जोडीदारीण माझ्या उत्तराची वाटच पाहत नव्हती, तिने इंग्रजी गृहीत धरून पुढचा प्रश्न विचारला. शिक्षिकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला परत बोलायला लावलं: दु इन शारद मराठी गार्त्रे. घरी मराठी बोलते. नंतर त्यांनी मला एक बरं सांगितलं, नवीन शब्द वहीत लिहिताना इंग्रजी अर्थ लिहू नका, मराठी लिहा. ते केल्यापासून शब्द लवकर बसतात, कारण मधला एक दलाल गेला.

मोबाइलवरचं झटपट. मॅगी ॲन नावाची ॲप्स लहान मुलांना वाचायला शिकवतात, फुकट आहेत, गोष्टी छोट्या आहेत आणि आईबापांनाही तेवढ्याच उपयोगी. एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवर 'किऊ' हा लहान मुलांचा भाग लागतो. वाहिनी 1982पासूनची, तीसुद्धा एका माजी खासदाराने आमरण उपोषणाची धमकी दिल्यावर मिळालेली, त्यामुळे आमच्या घरात कार्टून लावताना थोडी देशसेवा केल्यासारखं वाटतं. ड्युओलिंगोवर वेल्श आहे, पण 2023पासून तिथे नवी भर घालणं थांबलंय. सराव म्हणून ठीक. केवळ त्यावर भाषा येईल या भ्रमात राहू नका.

हॉस्पिटलातल्या मैत्रिणी सारख्या एक विचारतात, म्हणून त्याबद्दल थोडं. मूल चार वर्षांचं असेल तर सगळं सोपं आहे, पण भारतातून आठव्या-नवव्या वर्षी आलेल्या मुलाचं काय? वेल्श शाळेचं दार बंद होत नाही. बऱ्याच कौन्सिलांकडे उशिरा आलेल्या मुलांसाठी खास केंद्रं किंवा तुकड्या असतात. तिथे मुलाला साधारण एक सत्र केवळ वेल्शमध्ये बुडवतात आणि मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. ग्विनेद या उत्तरेकडच्या भागात हे काम 1980च्या दशकापासून चालू आहे, कारण तिथे गावंच्या गावं वेल्श बोलणारी आहेत आणि बाहेरून येणाऱ्या मुलाला त्याशिवाय वर्गात बसताच येणार नाही. कार्डिफमध्ये कौन्सिलला आधी फोन करून जागा आहे का ते विचारा, शाळेला नंतर. माझं मत विचाराल तर दहा वर्षांच्या मुलाने नुकतीच शाळा, देश आणि मित्र बदलले असतील तर त्याला विचारूनच ठरवा. लहानाला विचारायची गरज नसते, तो तसाही विचारत नाही.

मराठीचं काय होतं, हाही प्रश्न येतो. बोलणं टिकतं, आम्ही घरात मराठीच बोलतो आणि तिसरी भाषा आली म्हणून पहिली गळून पडत नाही. आज्जीशी भांडण्याइतकं मराठी माझ्या लेकीकडे आहे. वाचन मात्र आपोआप होत नाही. वेल्श आणि इंग्रजीची जबाबदारी शाळा घेते, देवनागरीची कोणी घेत नाही. मी रविवारी सकाळी तिला बाराखडी घेऊन बसवते आणि ती सुटकेचे मार्ग शोधते. वेल्श शाळा काढणाऱ्यांनीही सुरुवात याहून मोठी केली नव्हती, असं मी स्वतःला सांगते: 1939 साली ॲबरिस्टविथला पहिली वेल्श शाळा निघाली ती सात मुलांची आणि खासगी. सरकारी शाळा निघाली 1947 साली, लॅनेलीला. सात मुलं तर आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या रांगेतच मिळतील. आईबाप रविवारी सकाळी उठले तर.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो वर सांगितलेल्या ढिसाळ कारभाराचा, अभ्यासक्रमाचा नव्हे.

नाव घालणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. मुख्य वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात, काही जानेवारीतही. वय 16 ते 25 असेल किंवा शाळेत शिकवत असाल तर शिक्षण फुकट. नोकरी करणाऱ्यांसाठी दहा तासांचे ऑनलाइन धडे वेगळे आहेत, तेही फुकट आणि आपल्या सवडीने करायचे. वर्ग जमेल की नाही याची शंका असेल तर आधी ते करून बघा. परीक्षा ऐच्छिक आहे. वेगवान वर्गात आठवड्यातून दोनदा बसावं लागतं, लहान मूल असलेल्या घरात त्याच्या वाटेला जाऊ नका. पहिले काही आठवडे कॅमेरा चालू ठेवा, बंद ठेवणाऱ्यांची नावं शिक्षक आधी पुकारतात. पुढच्या पायरीचं नाव सल्वाइन. मी नाव घातलंय, मंगळवारच्या वर्गाला, दक्षिणेची आवृत्ती. कार्डिफमधलं आणखी कोणी मराठी येत असेल तर सरावाला जोडीदार हवाच आहे.